पॅराशूटवाल्यांच्या कमरा

फोर्ट ब्रॅगच्या आसपास डॉक्टरकी करायची म्हणजे गुडघे आणि कमरा पाहायच्या. ८२वी एअरबोर्न डिव्हिजन इथलीच, नॉर्थ कॅरोलायनातली. पॅराशूट उघडलं म्हणून जमीन काही अलगद येत नाही. पाय जुळवून उतरायचं आणि पंजे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ अशा क्रमानं लोळत धक्का वाटून टाकायचा, हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. काळोखात, वाऱ्यात, अंगावर ओझं असताना तो क्रम कुठे साधतो?

यातले काही माजी सैनिक माझ्याकडे उपचाराला येत नाहीत. त्यांना माझं मत हवं असतं, तेही लेखी. सेवेत जडलेल्या दुखण्याची भरपाई व्हेटरन्स अफेअर्स खातं, म्हणजे ‘व्हीए’, देतं. त्याआधी ते स्वतःच्या खर्चानं तपासणी करवून घेतं. दावा फेटाळला गेला, तर बाहेरच्या डॉक्टरचा अहवाल जोडता येतो. दाखवायच्या गोष्टी तीन: आज दुखणं आहे, सेवेत काही घडलं होतं, आणि या दोहोंचा संबंध आहे. अडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी. तो संबंध मांडणाऱ्या डॉक्टरच्या पत्राला इथे सगळे ‘नेक्सस लेटर’ म्हणतात. शक्यता निम्मी असली तरी पुरते. पुरावा दोन्हीकडे सारखाच भरला तर कौल सैनिकाच्या बाजूनं, असा कायदाच आहे. माझी फी मात्र मत कोणतंही असो, तेवढीच, आणि ते मी आधीच सांगून टाकते.

तपासणीपेक्षा जास्त वेळ कागदांत जातो. परवाच्या गृहस्थांच्या फाइलमध्ये लष्करी दवाखान्यातली एक चिठ्ठी सापडली: रात्रीच्या उडीनंतर कंबर दुखते, आयबुप्रोफेन ८०० मिलिग्रॅम, काही दिवस हलकं काम. पुढे त्या कमरेचं नाव नाही. सेवा सोडतानाच्या फॉर्मवर ‘पाठदुखी?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण. का, असं विचारलं तर म्हणाले, “मॅम, ‘हो’ म्हटलं असतं तर आणखी तपासण्या. मला घरी जायचं होतं.” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्या फॉर्मवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. व्हीएच्या तपासनिसानं मात्र त्या ‘नाही’वरच भिस्त ठेवून लिहिलं होतं: झीज वयानुरूप. वय एक्केचाळीस!

त्या काळची नोंद नाही, एवढ्यावरून सैनिकाचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही, असं अपिलाच्या न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय. कित्येकांकडे तर कागदच नाहीत. १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली गेल्या. त्या पिढीच्या बाबतीत बायकोचं किंवा तुकडीतल्या सोबत्याचं निवेदन हाच आधार असतो.

मग गोनिओमीटर. पुढे वाकायला सांगायचं आणि कोन मोजायचा. पूर्ण वाकणं ९० अंश धरतात. ६० किंवा त्याखाली गेलं की अपंगत्व २० टक्के, ३० किंवा त्याखाली ४०; ६१ भरले तर १०. एका अंशानं महिन्याचे पैसे बदलतात, म्हणून मी पुन्हा पुन्हा वाकवून बघते आणि वेदना कुठे सुरू होते तेही लिहिते. खरं निरीक्षण ते बूट काढताना होतं, हेही सांगायला हवं. दुखणं उफाळलं की किती वाकता येतं, याचाही अंदाज द्यावा लागतो. ‘आज उफाळलेलं नव्हतं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

बेरजेचं गणित आणखी निराळं. ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत. ५० गेल्यावर उरलेल्या ५० चे ३० टक्के, म्हणजे १५. एकूण ६५, आणि पुढच्या दहाला नेऊन ७०. हे समजावताना समोरच्याचा चेहरा पडतो.

सगळ्यांना ‘हो’ म्हणता येत नाही. एकाची कंबर सेवा सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी गोदामातल्या शिडीवरून पडून गेली होती; त्याच्या पत्राला मी नकार दिला. फोनवर दहा मिनिटं बोलून हवं तसं पत्र देणारे बाजारात आहेत. त्यांच्या पत्रांत नाव आणि अवयव बदलतो, मजकूर तोच.

त्या छापाच्या पत्रांना फाइलमध्ये फारशी किंमत नसते. शेवटी तोलली जाते ती कारणमीमांसा, डॉक्टरची पदवी नव्हे. परवाच्या गृहस्थांच्या क्ष-किरण चित्रात कमरेचा पहिला मणका पुढून दबलेला आहे. जुना, भरून आलेला अस्थिभंग. हाडं ठिसूळ नाहीत, दुसरा अपघात नाही, बाकीचे मणके शाबूत. उभ्या धक्क्यानं मणका असाच चेपतो, आणि चिठ्ठी त्या उडीनंतरची आहे. एवढं मी अहवालात लिहिलंय. आता माझं मत खोडायचं तर तपासनिसाला त्या मणक्याबद्दल काहीतरी लिहावं लागेल.