झाडे मोजली, कुरणाचे काय?

हवामान बदलाला आळा घालण्यासाठी झाडे लावावीत, याविषयी सहसा मतभेद होत नाही. वन व वृक्षाच्छादन वाढवून 2030 पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषला जाईल, असे वचन भारताने पॅरिस कराराअंतर्गत दिले आहे. मात्र कमी पावसाच्या ग्रामीण भागांत अशा प्रकल्पांचे यश कशाने मोजायचे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

कच्छमधील बन्नीचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या या कुरणावर मालधारी पशुपालकांच्या कित्येक पिढ्या जगल्या. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून 1960च्या दशकात तेथे अमेरिका खंडातील एक काटेरी बाभूळ लावण्यात आली. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, शेणावाटे बी पसरले आणि कुरणाचा मोठा भाग या झाडोऱ्याने व्यापला. स्थानिक लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. केवळ झाडे मोजली तर हा प्रयोग यशस्वी ठरतो. चारा मोजला तर तो अनर्थ आहे.

या विसंगतीचे मूळ आपल्या व्याख्यांत आहे. किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के वृक्षछत्र असेल, तर भारतीय वन सर्वेक्षण त्यास वनाच्छादन मानते. झाड कोणत्या जातीचे, हे पाहत नाही. याउलट, ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नसे तिला ब्रिटिश महसूल व्यवस्थेने ‘पडीक’ ठरवले. ते वर्गीकरण राज्यकर्त्यांबरोबर गेले नाही. आजही अनेक कुरणे सरकारी दप्तरात पडीकच आहेत आणि वृक्षारोपणासाठी जागा शोधताना पहिले बोट त्यांच्यावरच पडते.

हरित पत योजनेच्या ऑगस्ट 2025 मधील सुधारित नियमांनी पाच वर्षांची अट घातली, हे स्वागतार्ह आहे. केवळ रोप लावून श्रेय मिळणार नाही. परंतु त्याच नियमांतील किमान चाळीस टक्के वृक्षछत्राची अपेक्षा, जेथे निसर्गतःच गवत आणि विरळ झाडे असतात, तेथे उपयोगी नाही. अशा प्रदेशांत कर्बाचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो. तो आगीत वा कुऱ्हाडीने सहज नष्ट होत नाही, पण वृक्षगणनेत दिसतही नाही.

म्हणून मूल्यमापनात निदान चार प्रश्न अनिवार्य हवेत. प्रकल्प नसता तर त्या जमिनीवर काय झाले असते? मातीतील कर्ब वाढला की घटला? चराई बंद झाल्यावर कळप कोठे गेले, आणि तेथील जमिनीवर किती भार पडला? आणि ग्रामसभेची संमती खड्डे खणण्यापूर्वी घेतली होती काय?

शेवटचा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे. ज्यांचा चारा जातो, त्यांनी रोपांची राखण करावी ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि राखण नसेल, तर कागदावरचा कर्ब कागदावरच राहील.