कंपवाताची गोळी आणि वॉर्डातील घड्याळ

कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात रुग्णाला अधिक जखडतो तो हालचालींचा मंदपणा व स्नायूंचा ताठरपणा. काहींचा हात कधीच थरथरत नाही. घरची मंडळी 'वय झाले' असे समजून वर्षे घालवितात.

मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होणे, हे या आजाराचे मूळ. १९६०च्या दशकात उपचारात आलेली लेव्होडोपा ही गोळी आजही सर्वांत प्रभावी आहे. (हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांत असते, परंतु चूर्णातील मात्रा निश्चित नसल्याने गोळी सोडून ते घेण्यास आम्ही संमती देत नाही.)

आजार जुना झाला की एका मात्रेचा परिणाम काही तासांतच ओसरू लागतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचे वेळापत्रक निराळे असते. वॉर्डातील औषधांची फेरी मात्र सर्वांसाठी एकाच वेळी निघते. मांडीचे हाड मोडून अस्थिरोग कक्षात दाखल झालेल्या एका आजोबांना त्यामुळे सकाळची गोळी तीन तास उशिरा मिळाली. तोवर त्यांना कूस बदलता येईना, पाण्याचा घोट घेतानाही ठसका लागू लागला. चूक आमची होती, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. गोळ्या एकाएकी बंद पडल्यास तीव्र ताप व ताठरपणा येऊन प्राणावरही बेतू शकते.

आता अशा रुग्णांच्या खाटेशी त्यांच्या स्वतःच्या वेळांचा तक्ता लावला जातो. गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी दिली जाते, कारण डाळ-दुधातील प्रथिने तिच्या शोषणात आड येतात. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांना दिले जात नाही. ते डोपामिनचे कार्यच रोखते. नातेवाइकांना विनंती, की दाखल होताना गोळ्या व त्यांच्या वेळांची चिठ्ठी सोबत आणावी.

मेंदूत विद्युत्‌अग्र बसविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी देणगीदार आस्थेने विचारतात. लेव्होडोपाचा गुण येतो, पण तो दिवसभर टिकत नाही, अशा निवडक रुग्णांना तिचा चांगला लाभ होतो. तोल जाणे वा स्मृतिभ्रंश यांवर मात्र तिचा फारसा उपयोग नाही. आमच्या मते आपल्या देणगीतून प्रथम या आजाराचे प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका व एक फिजिओथेरपिस्ट यांचे वेतन भागावे.