श्रद्धेचं कुंपण (भाग ७) : एकेका होकाराची वाट

गेल्या भागात आपण गुरूचं आकर्षण कशात असतं ते पाहिलं. आज गळ्यात माळ घालून वर्षानुवर्षं राहिलेल्या आणि नंतर ती उतरवलेल्या माणसांचं ऐकू. उदाहरण आपल्या परिचयाचं आहे. आचार्य रजनीशांचा आश्रम १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये सुरू झाला आणि १९८१ मध्ये त्यांच्या अनुयायांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, सुमारे ६४,००० एकरांच्या रँचवर, रजनीशपुरम वसवायला घेतलं. भगव्या कपड्यांतले परदेशी संन्यासी पुणेकरांनी रस्त्यावर रोज पाहिले. त्यांच्यावर चर्चा भरपूर झाली, ती बहुतेक मुक्त लैंगिकतेपुरती. त्यांच्यातल्या काहींनी पुढे लिहिलेली पुस्तकं मात्र आपल्याकडे फारशी वाचली गेली नाहीत.

‘एवढी शिकलेली माणसं फसली कशी?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. ओरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी रँचवर पाहणी केली तेव्हा तिथले बहुसंख्य रहिवासी पदवीधर निघाले. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, मानसोपचार करणारेही होते. ही माणसं भोळी नव्हती. त्यांना जे हवं होतं, त्यातलं बरंचसं तिथे खरोखर मिळत होतं: पोटापाण्याची चिंता नसलेला दिवस, एकत्र नाचगाणं, आणि आपलं आयुष्य कशासाठी तरी आहे ही जाणीव. ह्यू मिल्न हा स्कॉटलंडचा तरुण १९७३ मध्ये रजनीशांकडे आला आणि पुढे त्यांचा अंगरक्षक झाला. १९८६ मध्ये त्याचं टीकेने भरलेलं पुस्तक आलं, पण त्यातही सुरुवातीच्या दिवसांचं प्रेम लपत नाही. ते प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर सुटणं इतकं अवघड गेलं.

मग माणूस अडकतो कुठे? एकाच मोठ्या निर्णयात नाही, लहानलहान होकारांत. आधी कपड्यांचा रंग, मग नवं नाव, मग रजनीशांचा फोटो असलेली माळ. मग नोकरी सोडणं, साठवलेला पैसा देणं. रँचवर दिवसाला बारा-बारा तास राबावं लागे आणि त्या कामाला उपासना म्हणत, त्यामुळे थकलो म्हणायचीही चोरी. मनात शंका आली तर दोष शंका घेणाऱ्याचा: हा तुझा अहंकार आहे, तुझं समर्पण कमी पडतंय. वर १९८१ पासून तीन वर्षांहून अधिक काळ रजनीशांनी जाहीर मौन पाळलं. प्रत्येक हुकूम सचिव मा आनंद शीला यांच्या तोंडून येई, आणि तो भगवानांचाच आहे का, हे विचारायची सोय नव्हती. मला ही व्यवस्था सगळ्यात घातक वाटते. वरच्याला जबाबदारी नको आणि खालच्याला प्रश्न विचारता येऊ नये, अशी ती रचना होती.

तिचं टोक पाहायचं तर जेन स्टॉर्क या ऑस्ट्रेलियन बाईंची कहाणी पाहा. कॅथलिक घरात वाढलेल्या, दोन मुलांच्या आई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या पुण्याला आल्या, संन्यास घेतला आणि पुढे रँचवर शीलांच्या आतल्या वर्तुळात पोचल्या. भगवानांच्या जिवाला त्यांच्या डॉक्टरपासूनच धोका आहे, असं त्यांच्या मनावर ठसवलं गेलं. जुलै १९८५ मधल्या उत्सवात, भरल्या गर्दीत, त्यांनी त्या डॉक्टरला विषारी इंजेक्शन टोचलं. डॉक्टर वाचले. स्टॉर्क यांनी अमेरिकेत तुरुंगवास भोगला. एका सरकारी वकिलाच्या खुनाच्या कटाचा आरोप मात्र त्यानंतरही बरीच वर्षं डोक्यावर राहिला. अखेर २००५ मध्ये जर्मनीहून त्या आपणहून ओरेगनच्या न्यायालयापुढे गेल्या आणि गुन्हा कबूल केला. ‘ब्रेकिंग द स्पेल’ हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यात त्या दोष दुसऱ्यावर ढकलत नाहीत. हात माझा होता, हे त्या मान्य करतात. अशी कबुली द्यायला किती वर्षं लागतात, ते त्यांच्या आयुष्यावरून कळतं.

आता दुसरी बाजू. १९८४ मध्ये ओरेगनमधल्याच द डॅल्स गावातल्या रेस्टॉरंटांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. स्थानिक निवडणूक जिंकण्यासाठी आखलेला हा कट मोजक्या लोकांना ठाऊक होता. रँचवरच्या इतर हजारो जणांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांच्यातल्या अनेकांना नंतर एकाच प्रश्नाने छळलं: मला खरंच काही दिसलं नव्हतं, की मी पाहिलं नाही? पहारे दिसत होते, बंदुका दिसत होत्या. अपराध नसतानाही असा प्रश्न माणसाला पोखरतो.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला पळून गेल्या. रजनीशांनी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं आणि ‘रजनीशिझम’ हा धर्मच संपल्याचं जाहीर केलं. लाल कपडे नकोत, माळ नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी आपल्याला वेदना झाल्या, असं रजनीशांनीच नंतर बोलून दाखवलं. म्हणजे स्वातंत्र्यही हुकमाने मिळालं आणि त्याचा आनंद झाला तर त्याचाही ठपका आला. पुढे इमिग्रेशनच्या गुन्ह्यात त्यांना चार लाख डॉलरचा दंड झाला, देश सोडावा लागला. १९८७ मध्ये ते पुण्याला परतले आणि १९९० मध्ये तिथेच वारले. आजही त्यांच्याबद्दल कृतज्ञ असलेले माजी संन्यासी आहेत. त्यांचं म्हणणं मी खोटं मानत नाही.

पण मुलांचं काय? टिम गेस्ट हा इंग्रज मुलगा आईबरोबर रजनीशांच्या अनुयायांच्या कम्यूनमध्ये वाढला. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या कम्यूनमध्ये मुलं आईबापांपासून वेगळी राहत. त्याचं पुस्तक २००४ मध्ये आलं. मोठ्यांनी होकार दिला होता, मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. या सगळ्या आठवणींत मुलांच्या आठवणींना मी सर्वांत जास्त वजन देतो.

आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो ठरावीक अघोरी प्रकारांना शिक्षा देतो, पण एखाद्या बुवाच्या मठात स्वखुशीने गेलेल्या माणसाला परत आणून देत नाही. ते काम घरच्यांनाच करावं लागतं. तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी असेल तर वाद जिंकायला जाऊ नका. फोन चालू ठेवा, सणासुदीला बोलवा, आजारपणात विचारपूस करा. पैसे मात्र देऊ नका. आणि एक दिवस तो माणूस दारात उभा राहिला, तर ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका.