आर्सेनिकचे सूक्ष्मजैविक रूपांतरण

आर्सेनिकचे सूक्ष्मजैविक रूपांतरण म्हणजे जीवाणू, कवके इत्यादी सूक्ष्मजीवांमुळे माती, गाळ व पाणी यांतील आर्सेनिकच्या संयुगांत होणारा रासायनिक बदल. सोमल या नावाने परिचित असलेले विष हे याच मूलद्रव्याचे ऑक्साइड आहे. सूक्ष्मजीव आर्सेनिक निर्माण किंवा नष्ट करीत नाहीत. ते केवळ त्याचे रूप बदलतात. मात्र आर्सेनिक गाळात बद्ध राहील की पिण्याच्या पाण्यात उतरेल, हे बऱ्याच अंशी त्या रूपावर ठरते.

प्रमुख प्रक्रिया

निसर्गात आर्सेनिक मुख्यतः आर्सेनेट (संयुजा ५) व आर्सेनाइट (संयुजा ३) या रूपांत आढळते. आर्सेनाइट सामान्यतः अधिक विषारी असते व पाण्याबरोबर सहज वाहून जाते.

क्षपण : ऑक्सिजनच्या अभावी काही जीवाणू श्वसनासाठी आर्सेनेट वापरतात व त्याचे आर्सेनाइट बनवतात. आर्सेनेटची रचना फॉस्फेटसारखी असल्याने ते पेशीत सहज शिरते. अनेक जीवाणू त्याचे क्षपण करून आर्सेनाइट पेशीबाहेर टाकतात व स्वतःचा बचाव करतात.

ऑक्सिडीकरण : अन्य जीवाणू याच्या उलट, आर्सेनाइटचे आर्सेनेट करतात.

मिथिलीकरण : काही कवके व जीवाणू आर्सेनिकची वायुरूप संयुगे बनवतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाचे कागद भिंतींना लावत. ओलसर खोल्यांत त्यांवर वाढणाऱ्या बुरशीमुळे लसणासारख्या वासाचा वायू निर्माण होतो, असे इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवले. हा वायू ट्रायमिथिलआर्सिन असल्याचे पुढे १९३०च्या दशकात फ्रेडरिक चॅलेंजर यांनी सिद्ध केले.

बंगालमधील भूजल प्रदूषण

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील गाळात लोहाच्या ऑक्साइडांना आर्सेनिक चिकटलेले असते. खोलवर ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू गाळातील सेंद्रिय पदार्थांवर जगताना लोहाचे क्षपण करतात. लोह विरघळते व आर्सेनिक पाण्यात मुक्त होते. पश्चिम बंगालमधील गाळावरील प्रयोगांतून या जीवाणूंची भूमिका २००४ मध्ये स्पष्ट झाली.

तळ्यांच्या दूषित पाण्यातून होणारे अतिसारासारखे रोग टाळण्यासाठी या प्रदेशात लक्षावधी कूपनलिका खोदण्यात आल्या होत्या. रोगजंतू टळले, परंतु अनेक ठिकाणी आर्सेनिक पोटात जाऊ लागले. १९८३ मध्ये कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी त्वचेवर डाग व गाठी असलेल्या रुग्णांत ही विषबाधा ओळखली. दीर्घकालीन सेवनाने कर्करोगही संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली आहे.

शुद्धीकरणातील उपयोग

पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक मात्र तसेच राहते. आर्सेनेट लोहाच्या ऑक्साइडांना अधिक सहज चिकटते. म्हणून आधी आर्सेनाइटचे ऑक्सिडीकरण करून मग ते गाळून वेगळे करतात. या पहिल्या टप्प्यासाठी ऑक्सिडीकरण करणारे जीवाणूही वापरता येतात.