डोक्याचा मार आणि खाडीपलीकडचे अंतर

लेखमाला : अपघात टळतो कसा? – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण किनाऱ्यावर बुडून होणाऱ्या मृत्यूंचा विचार केला. त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका कारणाने माणसे सतत दगावतात आणि त्यांची बातमी चार ओळींत आटोपते. ‘डोक्याला गंभीर मार लागल्याने जागीच मृत्यू’ किंवा ‘अधिक उपचारांसाठी मुंबईला नेत असताना वाटेतच मृत्यू’. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाचकांना या ओळी पाठ झाल्या आहेत. मेंदूला अपघाताने होणाऱ्या इजेचे मृत्यू सगळीकडे सारखे नसतात. राज्याराज्यांत फरक आहे, शहर आणि खेडे यांत आहे, आणि एका रायगड जिल्ह्यातही आहे. कवटी सगळ्यांची सारखीच. मग फरक पडतो कशाने? याची कारणे तीन : मोजणी, माराची जात आणि दवाखान्याचे अंतर.

मोजणीचा घोळ

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातली. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू, म्हणजे दर शंभर अपघातांमागे जवळपास ४६ मृत्यू. हाच हिशेब केरळात सुमारे १०, तामिळनाडूत २८, उत्तर प्रदेशात ५४ आणि बिहारमध्ये ८२ येतो.

केरळची माणसे दगडी डोक्याची आहेत, असा याचा अर्थ नव्हे. केरळात किरकोळ अपघातही पोलिसांत नोंदला जातो; विम्यासाठी तो कागद लागतो. जिथे माणूस मेल्याशिवाय कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, तिथे शंभरातले ऐंशी अपघात प्राणघातकच दिसणार. तरीही सगळा फरक वहीतला नाही. केरळात दवाखाने दाट आहेत, रुग्ण लवकर पोहोचतो, आणि हेही त्या दहाच्या आकड्यात आहे. किती वाटा नोंदीचा आणि किती उपचारांचा, हे वेगळे केल्याशिवाय दोन प्रदेशांची तुलना करणे फसवे ठरते.

शिवाय हे झाले फक्त रस्त्याचे. माडावरून पडून मेलेल्या माणसाची पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात तो ‘उंचावरून पडून’ या रकान्यात जातो. मार डोक्याला होता की मणक्याला, हे त्या रकान्यात कळत नाही. देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. म्हणून श्रीवर्धन तालुक्यात वर्षाला किती माणसे डोक्याच्या माराने जातात, या साध्या प्रश्नाचे उत्तर सरकारी वार्षिक अहवालांतून मिळत नाही.

किनाऱ्याचा मार निराळा

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. जी. गुरुराज यांनी केलेली मांडणी आजही आधाराला घेतली जाते. भारतात मेंदूला होणाऱ्या इजांपैकी सुमारे ६० टक्के रस्ते अपघातांतून, २० ते २५ टक्के पडण्यातून आणि १० टक्के मारहाणीतून होतात. अमेरिकेत २०२१ साली अशा इजेने ६९ हजारांवर मृत्यू झाले. त्यांत बंदुकीने केलेल्या आत्महत्यांचा वाटा मोठा आहे. तो वगळला, तर तिथे घरात पाय घसरून पडणारे पंचाहत्तरी ओलांडलेले लोक सर्वाधिक धोक्यात दिसतात. आपल्याकडे दुचाकीवरचा पंचविशीचा तरुण दिसतो.

रायगडच्या किनाऱ्यावर मात्र दोन्ही चित्रे एकत्र नांदतात, आणि त्यांत तिसऱ्याची भर पडते.

पहिले चित्र रस्त्याचे. वडखळ नाक्यापासून पोयनाड, कार्ले खिंड ओलांडून अलिबागला येणारा रस्ता घ्या, नाहीतर रेवदंडा-मुरूड. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग, मधूनच घुसणारा डंपर, रात्री रस्त्यावर बसलेली मोकाट गुरे आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेला, खोली न कळणारा खड्डा. हेल्मेट असतेच असे नाही. असले तर आरशाला टांगलेले किंवा कोपरात अडकवलेले. डोक्यावर असले तरी पट्टा मोकळा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या आदळण्यात उडून जाते आणि डोके रस्त्यावर पडते ते उघडेच. मागे बसणाऱ्याला तर हेल्मेट लागते हेच अनेकांना मान्य नाही. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार आणि सहप्रवासी मेले. त्यांत १४ हजारांवर मागे बसलेले होते. नीट बसवलेल्या हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी होते, असा जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे.

दुसरे चित्र वाड्यांचे आणि छपरांचे. आक्षी, नागाव, चौल, नांदगाव, दिवेआगर, श्रीवर्धन हा नारळ-पोफळींचा पट्टा. पोफळीवर चढलेला गडी एकेका झाडाला खाली उतरत नाही. शेंड्याशी झोका घेऊन शेजारची पोफळ पकडतो आणि तसाच पुढे जातो. पाहायला डोळ्यांचे पारणे फिटते. पण चाळीस फुटांवर हात निसटला तर मध्ये काहीच नाही. मे महिन्यात शाकारणीला कौलांवर चढणारे, सिमेंटच्या पत्र्यावर नेमका मधोमध पाय देऊन पत्र्यासकट खाली येणारे, याच यादीतले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत छपरे उडवली. तोंडावर पावसाळा, म्हणून जो तो घरावर चढला. त्याच दिवसांत विजेचे खांब आडवे झाले होते आणि मोबाइलचे मनोरेही बंद होते. पडलेल्यासाठी १०८ क्रमांक लावणार कुठून?

इथे एक गैरसमज दूर करू. डोक्यात नारळ पडून जगात दरवर्षी दीडशे माणसे मरतात, असा आकडा फिरत असतो. त्याला आधार नाही. पीटर बार्स या डॉक्टरने पापुआ न्यू गिनीमधील रुग्णालयात चार वर्षांच्या नोंदी तपासून १९८४ साली निबंध लिहिला. इजा होऊन दाखल झालेल्यांपैकी अडीच टक्के नारळ अंगावर पडल्याने जखमी झालेले होते. झाडावरून पडलेल्यांची संख्या मात्र त्याच्या कितीतरी पट होती. धोका नारळापेक्षा माडावर चढण्यात मोठा आहे. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण दिले, सोबत विमाही आणला.

तिसरे चित्र घरातले. मुलगे मुंबईला, गावात म्हातारा-म्हातारी. न्हाणीच्या शेवाळलेल्या फरशीवर आजी घसरते, डोके उंबऱ्यावर आपटते, टेंगूळ येते, हळद लावली जाते. तीन आठवड्यांनी आजी चालताना एका बाजूला झुकू लागते, नावे विसरते, दिवसभर झोपून राहते. ‘वय झालं आता’ म्हणून सगळे गप्प बसतात. प्रत्यक्षात कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचत असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता आणखी वाढते. कवटीला लहान छिद्र पाडून ते रक्त काढले की असे कितीतरी रुग्ण पुन्हा हिंडूफिरू लागतात. निदानच झाले नाही, तर दाखल्यावर ‘वार्धक्य’ लिहिले जाते आणि अपघाताची मोजणी आणखी एकाने चुकते.

दुसरी इजा

मेंदूला इजा दोनदा होते. पहिली आदळण्याच्या क्षणी. तिच्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. दुसरी पुढच्या मिनिटा-तासांत, आतल्या रक्तस्रावाने, सुजेने, प्राणवायू कमी पडल्याने किंवा रक्तदाब उतरल्याने. कवटी हाडाची, तिला ताणायला जागा नाही. आत रक्त साचले की दाबला जातो तो मेंदू.

कानशिलाजवळ हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. तिथे तडा गेला की ती फाटते. अशा वेळी पुष्कळदा माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, ‘काही झालं नाही मला’ म्हणतो, पाणी पितो, घरी जातो. मग डोके ठणकू लागते, उलटी होते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तो पुन्हा बेशुद्ध पडतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हा रुग्ण बहुधा वाचतो. उशीर झाला तर तरणाताठा माणूस हातचा जातो. अंतराचा प्रश्न येतो तो इथे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान मिळाले. आता किनाऱ्यावर तो तास मोजून पाहा. मुरूडहून अलिबाग ५० किलोमीटरच्या घरात, तिथून पनवेल आणखी ७०. श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव करत पनवेल गाठायचे तर जवळपास दीडशे किलोमीटर, आणि त्यातला मोठा टप्पा मुंबई-गोवा महामार्गाचा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याची रखडपट्टी दशकभर गाजली. मध्ये धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या. दिघी-आगरदांडा किंवा बागमांडला-वेसवी फेरीबोटीला वेळापत्रक असते, अपघाताला नसते. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे स्वप्न माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी पाहिले त्याला चार दशके उलटली.

त्याच जिल्ह्यात उरणला मात्र १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू मिळाला आणि मुंबईची मोठी रुग्णालये जवळ आली. खालापूरमधून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. धोक्याच्या जागा दुरुस्त करणे, कठडे बसवणे, वेगावर नजर ठेवणे, रुग्णवाहिका जवळ उभ्या ठेवणे असे उपाय सातत्याने झाले आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. एकाच रायगडात दोन प्रदेश आहेत : डोंगराकडचा, जिथे लक्ष गेले, आणि खाडीपलीकडचा, जिथे अजून जायचे आहे.

अंतर कापण्याचे उपाय

प्रत्येक तालुक्याला न्यूरोसर्जन मिळणार नाही, हे उघड आहे. पण तेवढ्यावर हात टेकायचे कारण नाही. २००९ साली ऑस्ट्रेलियातील मेरीबरो या लहानशा गावात सायकलवरून पडलेल्या मुलाच्या डोक्यात रक्त साचले. गावच्या डॉक्टरने मेलबर्नच्या न्यूरोसर्जनशी फोनवर बोलत, रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागातल्या साध्या ड्रिलने कवटीला छिद्र पाडले. दाब कमी झाला, मुलाला हवाई मार्गाने मेलबर्नला नेले, तो वाचला. ड्रिलचे अनुकरण करा असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखे आहे ते फोनच्या दुसऱ्या टोकाला तयार असलेले मोठे रुग्णालय आणि अलीकडच्या टोकाच्या डॉक्टरला असलेले प्रशिक्षण.

औषधाचेही तसेच. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त इंजेक्शन आहे. २९ देशांतल्या सुमारे पावणेतेरा हजार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य ते मध्यम इजेच्या रुग्णांत डोक्याच्या माराने होणारे मृत्यू सुमारे पंचमांशाने घटले. अतिगंभीर रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. डॉक्टरच्या निर्णयाने ते ग्रामीण रुग्णालयातही देता येते. शुद्धीचे मोजमाप करणारी ग्लासगो श्रेणी १९७४ पासून आहे. ३ ते १५ गुणांच्या या मोजणीला यंत्र लागत नाही, शिकलेली परिचारिका दोन मिनिटांत ती करते. ‘पेशंट सिरियस आहे, पाठवतोय’ यापेक्षा ‘गुण १३ होते, अर्ध्या तासात ९ झाले’ हे वाक्य पुढच्या डॉक्टरला शंभर पट अधिक सांगते.

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या डोक्याच्या इजांची तालुकावार नोंदवही त्याने ठेवावी : मार कशाने लागला, कुठे लागला, पहिल्या दवाखान्यात किती वेळात पोहोचला, पुढे काय झाले. चार रकाने पुरेत. खड्डा आधी बुजवायचा की रुग्णवाहिका आधी द्यायची, हे त्या वहीवरून ठरवता येईल.

वाचकांनी करायचे ते असे. हेल्मेटचा पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही लावायला सांगा. मार लागलेल्याची मान न हलवता १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे, तेव्हा पैशासाठी थांबू नका. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बोलला, तरी त्याला चोवीस तास एकटे सोडू नका. पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणे, झटका, गुंगी यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. फेरीबोट बंद असली, तर लांबच्या रस्त्याने, पण त्याच रात्री निघा.

(पुढील भागात : विंचू आणि सर्पदंश)