नावडे ते मुरूड: सायकलची पहिली तीन दिवसांची सफर

फ्रान्समध्ये सायकलसफरीला निघणाऱ्याला वाट आयती मिळते. अटलांटिकच्या किनाऱ्याने, लांदच्या पाइनच्या जंगलातून जाणारी ‘वेलोदिसे’ ही वाट १२०० किलोमीटरहून लांब आहे. तिचा बराचसा भाग मोटारींपासून वेगळा आहे आणि वळणावळणावर पाट्या आहेत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे रूळ काढूनही तिथे सायकलवाटा केल्या आहेत.

पनवेलजवळच्या नावड्यातून निघणाऱ्याला असं काही मिळत नाही. तरी कर्नाळ्याचं जंगल, धरमतरची खाडी, अलिबाग-मुरूडचा किनारा आणि त्यांना जोडणारे साधे रस्ते आपल्याकडे आहेत. मात्र नुसता रस्ता निवडून भागत नाही. त्यावर कुठल्या वारी आणि किती वाजता असायचं, हेही ठरवावं लागतं. पहिल्या सफरी फसतात त्या बहुतेक इथेच.

आधी महिना आणि वार ठरवू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असतो, पण दमट उकाडा माणसाला पिळून काढतो. शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या अलिबागकडे सुटतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. म्हणून आपण रविवारी पहाटे निघावं. दोन दिवसांची रजा पडते, पण रस्ता मोकळा मिळतो. माझ्या मते या सफरीतला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच.

आता सायकल. नवी घ्यायची गरज नाही. गिअरची कुठलीही धड सायकल चालेल. शर्यतीचे अगदी अरुंद टायर मात्र नकोत, ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत. सीटची उंची अशी तपासावी: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली ठेवणं ही नेहमीची चूक. पहिले वीस किलोमीटर काही जाणवत नाही, पन्नासाव्या किलोमीटरला गुडघे बोलू लागतात.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये नेऊ नये. पाठ घामाने भिजते, खांदे अवघडतात आणि सगळं वजन सीटवर येतं. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या मिळतात, त्यांना पॅनियर म्हणतात. जड वस्तू तळाशी आणि दोन्हीकडे सारख्या वजनाच्या ठेवाव्यात. दोन जास्तीच्या ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि षटकोनी चाव्यांचा संच बरोबर हवाच. ट्यूब बदलण्याचा सराव घरी, उजेडात करून घ्यावा. अलिबागच्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता तो शिकण्यात मजा नाही.

निघायची वेळ पहाटे साडेपाच. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिला दीड तास अंधारातला. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालावं. तळोजा एमआयडीसीचे ट्रेलर रात्रभर चालू असतात आणि मुंब्रा-पनवेल रस्त्यावर ते आपल्याला सोबत करतात. अगदी कडेची खडी टाळून, पण डाव्या बाजूनेच, सरळ रेषेत चालावं. खड्डा चुकवायला एकाएकी उजवीकडे वळणं सर्वांत धोक्याचं.

कळंबोलीच्या चौकात नवखा माणूस गोंधळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो आणि त्यावर सायकलला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा मोटारीवर लावलेला असेल, तर तो हमखास तिकडेच ढकलतो. आपल्याला पनवेलकडचा जुना रस्ता धरायचा आहे. तिथून पळस्पे फाटा आणि फाट्यावरून गोव्याचा महामार्ग.

पळस्प्यानंतर शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पाठोपाठ कर्नाळ्याचा चढ. अभयारण्य लहानसंच आहे आणि महामार्ग त्यातूनच जातो. सकाळी सातच्या आत पोचलात, तर दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत पक्षी ऐकू येतात. नऊनंतर फक्त हॉर्न. चढ फार मोठा नाही, पण तिथे एक चूक सर्रास होते: पाय जड झाल्यावर गिअर बदलणं. साखळीवर जोर असताना गिअर टाकला की ती कुरकुरते, कधी उतरते. चढ दिसताच, तो लागण्याआधीच हलका गिअर घ्यावा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. थोडे दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. माकडं दिसली की खाण्याची पिशवी उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

खाण्याचा विषय निघालाच आहे. फ्रान्समध्ये सायकलसफरीचा प्रसार करणारे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव वेलोसिओ, सांगत असत की भूक लागण्याआधी खावं आणि तहान लागण्याआधी प्यावं. शंभर वर्षांनंतरही याहून चांगला सल्ला कोणी दिलेला नाही. दर पाऊण तासाला एक केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की घ्यावी. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबाचं. पेणला पोटभर न्याहारी करावी, पण तळलेलं बेतानेच.

तारा गाव आणि खारपाड्याचा पाताळगंगेवरचा पूल ओलांडून पेण, पुढे वडखळ. इथे गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळायचं. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे धरमतरच्या पुलापर्यंत अवजड गाड्या असतात. नंतर पोयनाडकडे रस्ता हळूहळू माणसात येतो. वडखळ शक्यतो दहाच्या आत ओलांडावं. त्याचं कारण वाहतुकीइतकंच वाऱ्याचं. दुपार झाली की समुद्राकडून वारा सुटतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. सपाट रस्त्यावर चढासारखी दमछाक होते आणि शेवटी कार्लेखिंड उरलेली असतेच. नावडे ते अलिबाग अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. नवख्याने एका दिवसासाठी एवढंच धरावं.

नवी मुंबईत ‘ब्रेवे’ करणारे पुष्कळ सायकलपटू आहेत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. ते आपल्याला हसले तर हसू द्यावं. तो खेळ वेगळा आहे.

दुसरा दिवस या सफरीचा गाभा. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल या गावांमधून रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलीत जातो. रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी पुलाने ओलांडून साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरूड. एकूण पन्नासेक किलोमीटर. नकाशावर आकडा लहान दिसतो, पण साळावनंतर छोटे-छोटे चढ-उतार सुरू होतात. गाव समुद्राशी आणि मधला रस्ता टेकडीवर, असं चालू राहतं. घाई न करता दिवसभर वाटून घ्यावं. दक्षिणेकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे आज उशिरा निघालं तरी बिघडत नाही.

काशीदच्या वाळूत सायकल चालवून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. ओली खारी वाळू साखळीत आणि बेअरिंगमध्ये शिरते, मग पुढचा अख्खा रस्ता सायकल कुरकुरत येते. फोटो सायकल रस्त्यावर उभी करूनही चांगला येतो.

अजून दिवस हाताशी असतील, तर मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीने सायकलसकट दिघीला उतरता येतं. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याच्या बोटीने सावित्रीपलीकडे थेट रत्नागिरी जिल्हा. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवावं. ती चुकली, तर खाडीला वळसा घालण्यात दिवस जातो.

तिसऱ्या दिवशी आल्या रस्त्याने परतू नये. मुरूडहून केळघरमार्गे घाटरस्त्याने रोहा गाठावं. अंतर कालच्यापेक्षा कमी, चढ जास्त, आणि बाजूला फणसाडचं रान. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झालं. शेकरू इथे आहे. मधे दुकानं तुरळक, म्हणून पाणी मुरूडलाच पूर्ण भरून घ्यावं. घाटात उतरून सायकल ढकलावी लागली तर ढकलावी, त्यात कमीपणा नाही.

रोह्याला आपली खरी सोय आहे. दिवा-रोहा मार्गावरची गाडी पेण, पनवेल करत नावडे रोडला थांबते. गाड्या मोजक्याच, म्हणून वेळापत्रक निघण्याआधीच पाहावं आणि घाटातला वेळ त्यावरून मोजावा. सायकलच्या सामान-तिकिटाचं स्टेशनवर आधी विचारावं. पुढचं चाक काढून ते फ्रेमला बांधलं, हँडल वळवलं आणि साखळीवर कापड गुंडाळलं, तर गर्दीत कोणाचे कपडे काळे होत नाहीत.

घरी आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, साखळी कोरडी करून तिला तेल द्यावं. किनाऱ्याची खारी हवा लोखंडावर बसलेली असते. आठवडाभर तशीच ठेवली, तर कड्यांवर गंज धरतो.