नवा माइक घेण्याआधी

आवाजाची वाट : भाग सहावा

नोएडात किंवा गुरुग्राममध्ये नोकरीला आलेल्या मराठी मुलाचा दिवस हिंदी-इंग्रजीत जातो. रात्री जेवण झालं की तो हेडफोन चढवतो आणि नागपूर, सांगली, पुण्याला विखुरलेल्या शाळासोबत्यांबरोबर व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय खेळायला बसतो. त्याचं दिवसभराचं मराठी बोलणं त्या दीड-दोन तासांतच होतं. म्हणून ‘अरे, तुझा आवाज फाटतोय, काही कळत नाही’ असं पलीकडून आलं की नुकसान नुसत्या खेळाचं नसतं. चार दिवस हेच चाललं की मित्र सांगतात, तू माइक बंदच ठेव. मग तो गप्प बसून खेळू लागतो.

त्यानंतर बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सुट्टीच्या दिवशी मेट्रोने दिल्लीतला नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार गाठतात आणि जुन्याहून महाग हेडसेट घेऊन येतात. त्या रात्रीही आवाज तसाच फाटतो, कारण बिघाड बहुधा माइकमध्ये नसतोच. स्वस्त हेडसेटमध्येही जो वाटाण्याएवढा माइक असतो तो इलेक्ट्रेट जातीचा. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी तो घडवला आणि पुढे टेलिफोन, टेपरेकॉर्डर, कॅमेरे अशा सगळ्या उपकरणांत तो जाऊन बसला. स्वस्त आहे, पण चिवट आहे. माणसाच्या ओरडण्याने तो सहसा हार मानत नाही. आवाज बिघडतो तो त्याच्यापुढच्या वाटेवर, आणि ती वाट कुठे खचली आहे हे शोधायला एक पैसाही लागत नाही.

मागच्या भागात हेडफोनमधून आवाज कानापर्यंत कसा येतो ते पाहिलं. आज तोंडापासून पलीकडच्या मित्रापर्यंतची उलटी वाट पाहू.

पहिलं काम असं. खेळ चालू ठेवा, त्याच खुर्चीत, तोच हेडसेट लावून बसा आणि विंडोजमधल्या साध्या साउंड रेकॉर्डरमध्ये अर्धा मिनिट बोला. हळू बोला, मग शेवटच्या शत्रूला टिपताना ओरडता तसं ओरडा. ऐका. इथेच आवाज फाटलेला असेल तर इंटरनेट निर्दोष आहे. इथे स्वच्छ असेल तर माइक, वायर आणि पिन निर्दोष आहेत. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड हे ॲप वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये माइक टेस्टचं बटण असतं. डिस्कॉर्डने प्रक्रिया केल्यानंतरचा तुमचाच आवाज ते तुम्हाला परत ऐकवतं. रेकॉर्डरमध्ये नीट, माइक टेस्टमध्ये खराब, असं निघालं तर दोष त्या दोघांच्या मधल्या सेटिंगचा. दोन्हीकडे नीट आणि मित्रालाच खराब, तर दोष जाळ्याचा. एवढ्या तपासाने निम्मं निदान होतं, आणि ते न करता केलेली प्रत्येक खरेदी हा जुगार आहे.

जाळ्याचा दोष ओळखायला सोपा. आवाज चरचरत नाही, तुटतो. मधले शब्द गायब होतात, स्वर ताणले जातात, माणूस रोबोटसारखा बोलतो. दिल्लीकर खेळाडू याला ‘आवाज़ कट रही है’ म्हणतात. डिस्कॉर्डसह बहुतेक ठिकाणी आवाज दाबून पाठवण्यासाठी ओपस नावाची पद्धत वापरतात. ती २०१२ साली खुलं मानक म्हणून जाहीर झाली. ती सहसा २० मिलिसेकंदांचा एक तुकडा करते, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. एखादा तुकडा वाटेत हरवला तर पलीकडचं यंत्र आधीच्या तुकड्यावरून अंदाज बांधून ती फट भरतं. लागोपाठ अनेक हरवले की अंदाज चुकतो आणि रोबोट बोलू लागतो. डिस्कॉर्डचा नेहमीचा वेग ६४ किलोबिटचा असतो. ओपसला बोलण्यासाठी तो भरपूर झाला, तेव्हा तो वाढवून इथे काही साधत नाही.

लक्ष्मीनगर किंवा इंदिरापुरमसारख्या दाट वस्तीत या तुटण्यामागे बहुधा वायफाय असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आणि एका जिन्याभोवती राउटर डझनभर. शिवाय ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. राउटरपासून साधी नेटवर्क केबल ओढा, जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा. सगळ्यांना तुमचा आवाज तुटका येतो की एकालाच, हेही विचारा. एकालाच येत असेल तर बिघाड त्याच्या घरी आहे.

मधल्या सेटिंगचा दोष वेगळा ऐकू येतो: पाण्याखालून बोलल्यासारखा, शब्दांची शेपटं गिळलेली. एकाच आवाजावर दोन-तीन ठिकाणी गोंगाट गाळला जात असतो. हेडसेटच्या कंपनीचं सॉफ्टवेअर एकदा गाळतं, विंडोजचं ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ पुन्हा, डिस्कॉर्डचं क्रिस्प तिसऱ्यांदा. एकच ठेवा, बाकीचे बंद करा. विंडोजमध्ये माइकचा नमुनादर (सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८,००० हर्ट्झवर ठेवा आणि एखाद्या प्रोग्रामला माइकचा एकट्याने ताबा घेऊ देणारी खूण काढून टाका. नमुनादर जुळला नाही की टिकटिक ऐकू येते किंवा आवाज जाडाभरडा होतो.

आता रेकॉर्डरमध्येच आवाज खराब निघाला तर. खरी मेहनत इथे आहे, आणि दिल्लीत हाच प्रकार जास्त दिसतो.

‘भाई, तेरा माइक फट रहा है’ ही तक्रार बहुतेक वेळा अक्षरशः खरी असते. माइकमधून येणारा विद्युत तरंग कॉम्प्युटर आकड्यांत मोजतो. १६ बिटच्या मोजणीत आकडा खाली उणे ३२,७६८ आणि वर ३२,७६७ पर्यंतच जातो. तरंग त्याच्या वर गेला की विळ्याने गवत एका रेषेत कापावं तसे त्याचे माथे छाटले जातात. त्या सपाट माथ्यांतून मूळ आवाजात नसलेले चरचरीत सूर जन्मतात. एकदा छाटलेला माथा परत येत नाही. म्हणून खेळातला किंवा डिस्कॉर्डमधला आवाज कमी करून काही होत नाही; फाटका आवाज फाटकाच राहून फक्त लहान होतो. कमी करायचं ते पहिल्या पायरीवर.

ती पायरी विंडोजच्या साउंड, रेकॉर्डिंग, प्रॉपर्टीज, लेव्हल्स अशा वाटेने सापडते. तिथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ नावाची पट्टी असते. ती २० डेसिबलवर ठेवली तर तरंग दहा पट होतो, ३० वर ठेवली तर तीस पटींहून अधिक. ती एवढी वर का गेलेली असते? मे-जूनच्या उकाड्यात खिडकीतला कूलर घरघरत असतो. मित्र म्हणतो, तुझा आवाज लहान येतोय. मुलगा बूस्ट वाढवतो. कूलरही वाढतो, म्हणून तो आणखी जोरात बोलतो, आणि साधं बोलणं आणि ओरडणं यांत वीसेक डेसिबलचा फरक सहज पडतो. बूस्ट शून्यावर किंवा १० वर आणा. मग ओरडून पाहा, बोलून नव्हे. ओरडल्यावरही रेकॉर्डिंगच्या मीटरवरचा माथा शून्याखाली, म्हणजे छाटणीच्या मर्यादेखाली, ६ डेसिबल राहिला पाहिजे. आवाज हवा तेवढा मोठा नसेल तर माइक तोंडाजवळ घ्या; त्याने तुम्ही मोठे होता, कूलर होत नाही. मात्र माइक ओठांसमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याशी, दोन बोटांवर हवा. मराठीत भ, फ, ध, ख यांचा श्वास जोराचा असतो आणि तो थेट माइकवर आदळला की प्रत्येक ‘भाऊ’ला धप्पकन ठोका ऐकू येतो. डिस्कॉर्डमधलं आपोआप आवाज वाढवणारं सेटिंगही बंद करून पाहा. तुम्ही गप्प असताना ते कूलरला उचलून धरतं आणि तुम्ही बोलायला लागलात की पहिला शब्द छाटला जातो.

ब्लूटूथची गोष्ट निराळी आहे आणि मला वाटतं ती दुकानदारांनी गिऱ्हाइकाला विकतानाच सांगायला हवी. गाणी ऐकताना हेडफोन एका पद्धतीने जोडलेला असतो. माइक सुरू झाला की नेहमीचे हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतात. जुन्या प्रकारात त्यात सेकंदाला ८,००० नमुने घेतात, सुधारित प्रकारात १६,०००. म्हणजे आवाजातले ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचे सूर मुळातच जात नाहीत. तुमचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा येतो आणि तुम्हाला ऐकू येणारा खेळही पत्र्यासारखा वाजू लागतो. हेडफोन कितीही महागाचा घेतला तरी ही मर्यादा त्या पद्धतीची आहे. उपाय फुकट आहे: ऐकण्यासाठी ब्लूटूथ राहू द्या, बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक किंवा वायरचा माइक निवडा.

वायरच्या हेडसेटची पिनही पाहून घ्या. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळी वळी असतात, कारण ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेतून चालतं. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. मोबाइलची ती पिन सरळ गुलाबी भोकात घातली तर माइक चालत नाही किंवा पोकळ, खोल आवाज येतो. दोन तोंडांची जोडवायर लागते. कॅबिनेटच्या पुढच्या भोकाऐवजी मागचं वापरा. पुढची वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि खेळ जड झाला की तिच्यात किरकिर शिरते. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांसाठी एकच सूचना. आडव्या धरलेल्या फोनचा चार्जिंगजवळचा माइक तळहाताखाली जातो. पकड बदला, आणि त्या बारीक भोकात अडकलेली दिल्लीची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा.

आता शेवटची तक्रार: सतत घुंऽऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि हा सूर तिचा किंवा तिच्या पटींचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढा. घुंघुं थांबली तर माइक, हेडसेट, डिस्कॉर्ड सगळं सोडून द्या. दोष भिंतीत आहे.

जुन्या वस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांत सॉकेट तीन भोकांचं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार अनेकदा जोडलेलीच नसते. कधी गेमरनेच तीन पिनी प्लग दोन पिनी अडॅप्टरमध्ये खोचलेला असतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. जमिनीची वाटच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, चढून बसतो. प्रवाह अगदी क्षीण असल्याने झटका बसत नाही, पण अनवाणी पायाने पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. माइकची एक तार त्याच पत्र्याला जोडलेली असते आणि घुंघुं तिच्यातून आवाजात उतरते. ज्यांच्याकडे ती फक्त वीज गेल्यावर सुरू होते त्यांनी इन्व्हर्टर पाहावा. स्वस्त चौकोनी तरंगाचे इन्व्हर्टर पंख्यालाही असंच गुणगुणायला लावतात.

यूएसबीवरचं छोटं साउंड कार्ड लावून ही घुंघुं कधी कधी कमी होते, पण मुंग्या तशाच राहतात, आणि त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. आज मुंग्या आणणाऱ्या त्या पत्र्यावर उद्या पॉवर सप्लायमधली तार सुटून टेकली तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक आहे आणि कोणत्याही परवानाधारक इलेक्ट्रिशियनला ते माहीत असतं. त्याला मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टच. सोसायटीत मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घातलं जातं का हेही विचारा. माती कोरडी पडली की तो खड्डा नावापुरता उरतो. नळाच्या किंवा गॅसच्या पाइपाला तार बांधून वेळ मारून नेऊ नका आणि सॉकेट स्वतः उघडू नका. घर भाड्याचं असलं तरी मालकाकडे ही मागणी करा, लेखी करा, आणि हेडसेटसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी त्या कामाला लावा.

पुढच्या भागात पाहू, खोलीतल्या उघड्या फरशा आणि भिंतींमुळे आवाज का घुमतो.